तिसऱ्या मजल्यावरची कॉट

पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात दीड वर्ष काढलं. नाव लिहीत नाही, माझी अनामत अजून त्यांच्याकडेच आहे.

मी उदगीरची, एमएस्सी केमिस्ट्री. पहिल्या यादीत नंबर लागला नाही म्हणून सुरुवातीला बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक कॉट भाड्याने घेऊन, राहिले. एका खोलीत पाच जणी, आणि मालकीणकाकू फ्रीजला कुलूप लावायच्या. पुढच्या यादीत नाव आलं तशी गादी, बादली, कुकर घेऊन रिक्षाने इकडे आले. कुकर रेक्टर मॅडमनी गेटवरच ठेवून घेतला.

खोली तिघींची. जानेवारीपासून चौघींची, कारण एक पॅरासाइट आली. (यादीत नाव नसलेली, मैत्रिणीच्या खोलीत लपून राहणारी. मॅडमचा राउंड आला की तिची अंघोळ निघायची.) सोलरचं पाणी सहाला कढत, सातला कोमट, आठला नुसतं गार. त्यात तिसऱ्या मजल्यावर धार करंगळीएवढी. बादली लावून मी तिथेच वाचत उभी राहायचे. स्पेक्ट्रोस्कोपीच्या वहीवर अजून डाग आहेत.

मेसची पोळी चांगली. वरणात मात्र गूळ, म्हणून घरून आलेल्या येसरावर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, त्याची आमटी होते) अख्खा मजला जगायचा. खाडा (न जेवलेल्या दिवसांची बिलातली वजावट) सलग तीन दिवसांचा असेल तरच धरतात, तोही आदल्या दिवशी वहीत लिहिला तर.

खरा राग गेटचा. मुलींना साडेनऊ, मुलांना वेळच नाही. एकदा लॅबमध्ये कॉलम (सिलिका भरलेली काचेची नळी, तिच्यातून मिश्रणातले पदार्थ वेगळे करतात) अर्धा उतरलेला सोडून पळत आले. सकाळी बघते तर सिलिका वाळून तडकलेली, आठवड्याचं काम गेलं. तरी बाहेर राहा म्हणणार नाही. खोलीतून लॅब सात मिनिटांवर, आणि परीक्षेच्या दिवसांत रीडिंग हॉलमधून चपला फटफटवत खोलीवर यायचं सुख बाहेर कुठलं?

यादीत नावच नाही आलं तर? माझी कॉट बेसिसवरची जुनी रूममेट मालकीणकाकूंकडेच राहिली. तिला समाजकल्याणची स्वाधार मिळते. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ती योजना आहे. पुण्यात तिला जेवण, राहणं, निर्वाह धरून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. कॉट आणि डबा त्यात बसतो, म्हणाली.

माझ्या अनामतीसाठी ना-हरकतीवर चार सह्या लागतात. तीन झाल्यात. चौथी मेसची. ते म्हणतात, मॅडम, तुमचा एक खाडा जास्त धरलाय.