टर्नटेबल, वर्षभराच्या वापरानंतर: सगळे चांगले, फक्त षड्ज एका श्रुतीने चढा

हा अभिप्राय मी वॉरंटी संपल्यावरच लिहायला घेतला, आणि त्याला कारण आहे. खरेदी केल्यावर पहिल्याच महिन्यात लिहिला असता, तर या टर्नटेबलला, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्राला, मी बिनदिक्कत साडेचार तारे दिले असते. गेल्या पावसाळ्यात, सेवा केंद्राशी वाद हातघाईवर आला असताना लिहिला असता, तर एकच दिला असता आणि तोही नाइलाजाने. कंपनीचे नाव देत नाही, कारण याच सांगाड्याचे यंत्र बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळते आणि या किमतीतली यंत्रे चाळलेल्यांना ते वर्णनावरून ओळखू येईलच: बेल्टवर चालणारे, डीसी मोटरचे, अंगचाच फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण संकेत ॲम्प्लिफायरला पुरेल इतका वाढवणारा भाग) असलेले, किंमत बावीस हजारांच्या आसपास. ब्लूटूथही आहे. ते मी आजतागायत चालू केलेले नाही, पण त्याचे पैसे मात्र किमतीत धरलेले असणार.

माझ्याकडचे बाकीचे सामान जुनेच आहे. ॲम्प्लिफायर बऱ्याच वर्षांपूर्वीचा, स्पीकर सोनोडाइनचे, आणि रेकॉर्डी काही वडिलांनी जमवलेल्या, तर काही पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी घासाघीस करून घेतलेल्या. ऐकणे मुख्यतः ख्यालाचे. मधूनमधून नाट्यसंगीत आणि एखादी सतार. किशोरीताई आमोणकरांची एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली रेकॉर्ड घरात अनेक वर्षे होती, परंतु जुन्या यंत्रावर ती लावणे म्हणजे तिच्यावर अत्याचारच होता. या टर्नटेबलवर ती पहिल्यांदा लावली, तेव्हा तंबोऱ्याची खर्जाची तार स्वतंत्रपणे ऐकू आली, गांधारावर ठेहराव घेतल्यानंतरचा श्वास ऐकू आला, आणि तबल्याच्या डग्ग्याला नुसता धप्प आवाज न राहता खोली आली. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या रेकॉर्डीतही तोच अनुभव आला. पहिले काही महिने मी या यंत्राची सर्वांकडे स्तुती करत होतो, आणि ध्वनीच्या दर्जापुरती ती स्तुती आजही मागे घेण्याचे कारण नाही.

होळीच्या सुमारास माझी पेटी कारागिराकडून नव्याने सुरात लावून आली आणि तेथून प्रकरण बिघडले. पेटीची साथ असलेली एक जुनी रेकॉर्ड लावून मी तिच्याबरोबर सहज काळी एकचा, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवरचा, षड्ज (सा) धरला, तेव्हा दोन्ही स्वर मिळेनात. दोहोंच्या मिश्रणातून सलग डोल, म्हणजे आवाजाचे ठरावीक अंतराने कमीजास्त होणे, ऐकू येऊ लागला. एका रेकॉर्डीवरून काहीच सिद्ध होत नाही, कारण गायक आपला षड्ज सोयीने लावतो आणि प्रत्येक स्टुडिओतील पेटी काही स्वर लावण्याच्या ४४० हर्ट्झच्या रूढ मापानेच लावलेली असते असे नाही. परंतु वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या कलाकारांच्या, पेटीची साथ असलेल्या रेकॉर्डी एकामागून एक लावल्या आणि बहुतेक सगळ्या एकाच दिशेने, वरच्या बाजूला, जवळपास सारख्याच अंतराने सरकलेल्या आढळल्या. इतक्या साथीदारांनी संगनमत करून आपापल्या पेट्या चढ्या लावल्या असतील, हे मानण्यापेक्षा माझे यंत्रच वेगाने फिरत असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक होते.

तपासणीला खर्च जवळपास शून्य आला. पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या स्ट्रोबोस्कोप चकतीवर, म्हणजे वेग तपासण्याच्या रेषांच्या चकतीवर, १८० रेषा असाव्या लागतात, कारण पन्नास हर्ट्झवर निऑनचा दिवा सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतो. अशी चकती कागदावर छापून घेतली. खोलीतला एलईडी दिवा या कामासाठी भरवशाचा नसतो, म्हणून तो बंद करून एक्स्टेन्शन बोर्डावरचा तांबूस निऑनचा ठिपका चकतीच्या अगदी जवळ आणला. वेग अचूक असता, तर रेषा जागच्या जागी थिजलेल्या दिसल्या असत्या. त्या मात्र फिरण्याच्याच दिशेने संथपणे पुढे चालल्या होत्या, आणि घड्याळ लावून मोजल्यावर मिनिटाला सुमारे ७५ रेषांचा फरक निघाला. याचा अर्थ प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, मिनिटाला ३३.३३ ऐवजी ३३.७५ फेऱ्यांनी फिरत होता, म्हणजे सव्वा टक्का जास्त. आपल्याकडच्या विजेची वारंवारिता स्वतःच डळमळीत असते हा आक्षेप मला ठाऊक आहे. परंतु ग्रिडला आखून दिलेली मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढीच असल्याने त्यातून येणारी चूक पाव टक्क्याच्या आतच राहते. खात्रीसाठी प्लॅटरच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवून शंभर फेऱ्याही मोजल्या. त्यांना १८० सेकंद लागायला हवेत. त्या १७८ च्या आतच उरकत होत्या.

सव्वा टक्का हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो. संगीताच्या हिशेबात मात्र तो नेमका ८१ भागिले ८० एवढा होतो, आणि ज्यांनी श्रुतींविषयी थोडेसे वाचले आहे त्यांना हे गुणोत्तर ओळखीचे असेल: ती प्रमाण श्रुती, म्हणजे सप्तकातल्या बावीस श्रुतींमधले सर्वांत लहान अंतर, आहे. थोडक्यात, या यंत्राने माझ्या घरातल्या प्रत्येक गायकाला बरोबर एका श्रुतीने वर चढवून ठेवले होते. काळी एकचा षड्ज २७७ हर्ट्झचा धरला, तर यंत्रातून तो जवळजवळ २८०.५ हर्ट्झचा निघतो आणि पेटीशी सेकंदाला साडेतीन डोल पडतात. हा डोल एकदा कानाला कळला की नंतर दुसरे काही ऐकूच येत नाही.

यावर एक उत्तर मला मित्रांपासून सेवा केंद्रापर्यंत सर्वांनी ऐकवले: आपल्या संगीतात षड्ज कुठेही धरावा, वेग वाढला तरी स्वरांमधली अंतरे तीच राहतात, मग बिघडले कुठे? अंतरे तीच राहतात हे खरेच आहे आणि ज्याला केवळ खुर्चीत बसून ऐकायचे आहे, त्याचे फारसे काही अडत नाही. परंतु मी रेकॉर्डीबरोबर पेटी घेऊन बसतो. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला बारीक सुराची कळ असते, ती फिरवून जमवून घेता येते. पेटीच्या आतल्या स्वरपट्ट्या (रीड) काही प्रत्येक रेकॉर्डीगणिक खरवडता येत नाहीत. शिवाय वेग वाढतो तेव्हा केवळ सूर चढत नाही, लयही चढते आणि आवाजाचा पोतही किंचित पातळ होतो. बावीस मिनिटांची बाजू सोळा सेकंद आधी संपते. विलंबित एकतालाच्या संथ आवर्तनातला चांगला पाव हिस्सा म्हणावा एवढा हा वेळ आहे, आणि गायकाने मात्रांच्या मधे जी जागा मोकळी सोडली, तीच यंत्राने परस्पर कापून घ्यावी, हे मला मान्य नाही.

सेवा केंद्राशी झालेल्या पत्रव्यवहाराचा तपशील थोडक्यात देतो. पहिल्या तक्रारीला उत्तर आले की, बेल्ट सैल झाला असेल. बेल्ट सैल झाला तर तो घसरून वेग कमी होईल, वाढणार कसा, या माझ्या प्रश्नाला उत्तर न देता नवा बेल्ट पाठवण्यात आला. तो बसवल्यावर रेषा पूर्वीच्याच चालीने चालत राहिल्या. मग एक तंत्रज्ञ घरी आले. त्यांनी खिशातला मोबाइल प्लॅटरच्या एका कडेला ठेवून ॲपवर वेग पाहिला. पाव किलोच्या आसपासचे वजन असे एका बाजूला टाकल्यावर आकडा सतत वरखाली होत राहिला आणि त्यातला सर्वांत सोयीचा आकडा त्यांनी वहीत लिहून घेतला. शेवटी लेखी उत्तर आले की, दोन टक्क्यांपर्यंतचा फरक कंपनीच्या मर्यादेत बसतो, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. ही मर्यादा ना खोक्यावर छापली होती, ना माहितीपुस्तिकेत. यंत्र पुन्हा तपासणीसाठी पाठवायचे असेल तर ते मूळ खोक्यात घालून स्वखर्चाने पाठवावे, असेही त्यात होते.

याच काळात मला कळले की, अशा बहुतेक डीसी मोटरच्या बुडाशी वेग जुळवण्याचे दोन बारीक स्क्रू असतात: एक ३३ फेऱ्यांच्या वेगासाठी, एक ४५ च्या. माझे यंत्र उलटे करून पाहिले, तर रबरी बूच तेथे होतेच. मात्र त्यावर कागदी सील चिकटवलेले होते आणि ते फाडल्यास वॉरंटी रद्द होईल, असे त्यावर छापलेले होते. ज्या वॉरंटीने मला काहीच दिले नाही, ती जपायची कशाला, असे घरचे म्हणाले. परंतु तिचे पैसे मी मोजलेले होते आणि अजून काही महिने शिल्लक होते; उद्या टोनआर्म (सुई धरणारा दांडा) किंवा मोटरच निकामी झाली असती, तर सील फाटल्याचे निमित्त त्यांच्या हाती आयते गेले असते. म्हणून मी थांबलो. उन्हाळा आणि पावसाळा मी पेटी बंद ठेवून काढला आणि त्या काळात मुद्दाम सतार, सनई असेच काही लावत राहिलो.

गणपतीनंतर वॉरंटी संपली आणि त्याच आठवड्यात यंत्र रिक्षात घालून मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी बूच काढले, घड्याळजीचा पेचकस आत घातला आणि माझीच चकती प्लॅटरवर ठेवून निऑन टेस्टर जवळ धरला. स्क्रू जेमतेम अंशभर फिरल्यावर रेषा मंदावल्या, थोडा वेळ मागे सरकू लागल्या, आणि मग जागच्या जागी उभ्या राहिल्या. दीडशे रुपये घेतले. जे काम सेवा केंद्राला अनेक पत्रे लिहूनही करता आले नाही, ते चहा येण्याच्या आत झाले. घरी येऊन भूप लावला, पेटी काढली, डोल नाही. त्या दिवसापासून मी चार तारे द्यायला तयार होतो.

वरचा मजकूर मी दिवाळीत लिहून ठेवला होता; थंडी पडल्यावर त्यात दुरुस्ती करावी लागत आहे. सकाळी सुरू केल्यावर हेच यंत्र पहिली दहा-पंधरा मिनिटे थोडे मंद चालते आणि मोटर गरम झाल्यावर वेगावर येते. फरक पूर्वीपेक्षा बराच कमी आहे, परंतु चकतीवर स्पष्ट दिसतो. त्यामुळे आता आंघोळीला जाण्यापूर्वी प्लॅटर रिकामाच फिरत ठेवतो आणि मग रेकॉर्ड लावतो. एवढे लाड या किमतीत करावे लागू नयेत, म्हणून एक तारा पुन्हा कमी केला आहे.

बाकीच्या गोष्टी लवकर आटोपतो. बाजू संपल्यावर आपोआप थांबण्याची सोय कागदावर चांगली वाटते, परंतु आपल्याकडच्या रेकॉर्डींत बाजू काठोकाठ भरलेली असते, आणि सुई लेबलाजवळ पोहोचताच हे यंत्र तिहाई पुरी होण्याच्या आतच प्लॅटर थांबवते. ती कळ मी कायमची बंद केली आहे. आतल्या बाजूच्या खाचांमध्ये आवाज किंचित फाटतो, पण तो दोष सगळ्याच यंत्रांत कमीजास्त असतो: बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, तर लेबलाजवळ तोच वेग २१ पर्यंत उतरतो. ख्यालातली द्रुत नेमकी तेथेच येते हे आपले दुर्दैव. टोनआर्मचे वजन माहितीपुस्तिकेतल्या वरच्या मर्यादेला ठेवल्यास थोडी सुधारणा होते. अंगचा प्रीॲम्प मला सुरुवातीला पुरेसा वाटला होता आणि अजूनही वाटतो. वेगळा घेण्यासाठी आणखी आठ-दहा हजार घालण्याची गरज निदान माझ्या स्पीकरवर तरी जाणवली नाही.

घ्यायचे असल्यास दुकानात चकती आणि टेस्टर घेऊन जा, पैसे देण्याआधी यंत्र पंधरा मिनिटे चालू ठेवायला लावा आणि रेषा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दुकानदार हसेल, त्याला हसू द्या. परंतु रेषा चालत असतील आणि वॉरंटी शाबूत ठेवून वेग जुळवून द्यायला तो तयार नसेल, तर पुढच्या दुकानात जा. ज्यांच्या घरी पेटी नाही आणि रेकॉर्डीबरोबर गुणगुणण्यापलीकडे ज्यांचा उद्योग नाही, त्यांनी हा सगळा खटाटोप न करता घेतले तरी चालेल. माझ्याकडून तीन तारे. सुईची घरघर अजून सुरू झालेली नाही; नवी सुई साडेतीन हजारांना मिळते असे कळले आहे, तेव्हा ती बदलल्यावर या अभिप्रायात भर घालीन.