पोटगी पूर्ण द्यायची की मुलाची फी थेट भरून वळती करून घ्यायची?

म्युच्युअल, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्स (दोघांनी मान्य केलेल्या अटी) लिहायला बसलं की मुलांच्या पोटगीपाशी गाडी हमखास अडते. बाप म्हणतो फी मी शाळेत भरतोय, मेडिक्लेमचा हप्ताही माझ्याच खात्यातून जातो, मग ते पोटगीतून वजा करा ना, आणि आई म्हणते मग भाडं, दूध, रिक्षा कशातून भागवू. दोघांचंही खरंय.

सगळी रक्कम दर महिन्याला आईच्या खात्यात, हा पहिला मार्ग. हिशोब सरळ, कशावर किती घालायचं ते मुलाला सांभाळणारीच ठरवते, आणि पैसे थकले तर बँक स्टेटमेंट लावून वसुलीचा अर्ज करता येतो. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १४४ म्हणजे जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) १२५, ऑर्डर त्याखाली असेल तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, फक्त अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायला हवा. तोटा एवढाच की जूनमध्ये फीचा मोठा आकडा आईला एकरकमी काढायला लागतो.

दुसरा मार्ग थेट खर्चाचा. पैसा नक्की शाळेत पोचतो, पावती हातात, आणि जुन्या टॅक्स रिजीममध्ये ट्यूशन फी दीड लाखाच्या एकूण मर्यादेत वजावटीला धरता येते, पोटगीवर तशी वजावट नाही. पण खरी मेख पुढे आहे. समजा ऑर्डर महिना १५ हजारांची आहे, बापाने जूनमध्ये ६० हजार फी भरली आणि चार महिने पोटगी थांबवली, तर कागदावर तो ६० हजारांचा थकबाकीदारच. ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसेल तर फी आपोआप वळती होत नाही, कोर्टाने मानलं तर मानलं, आणि सायकल, टॅब, वाढदिवसाचे कपडे वगैरे तर प्रेमाने दिलेलंच धरलं जातं. आईचं नुकसान त्याहून मोठं, फी भरली गेली पण त्या चार महिन्यांचा किराणा कुठून आणायचा?

सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालावरून इथे खूप गल्लत होते. त्यात वळती करायची म्हटलीय ती एका केसमध्ये मंजूर झालेली पोटगी दुसऱ्या केसमध्ये, उदाहरणार्थ डीव्ही (घरगुती हिंसाचार कायद्याची केस) आणि १२५ दोन्ही चालू असतील तेव्हा. शाळेच्या खर्चाबद्दल त्याच निकालात वेगळं सांगितलंय, तो साधारणपणे बापाने करावा, आणि आई पुरेसं कमवत असेल तर कमाईच्या प्रमाणात वाटून घ्यावा.

माझं स्पष्ट मत, महिन्याच्या रकमेला हात लावू नका. फी आणि मेडिक्लेम "पोटगीव्यतिरिक्त" म्हणून वेगळ्या कलमात घाला, ट्यूशन फी, बस, परीक्षा फी यातलं काय काय, कुठल्या तारखेपर्यंत, पावती कोण कोणाला पाठवणार, आणि नाही भरली तर तेवढी रक्कम किती दिवसांत आईच्या खात्यात, सगळं लिहा. बाप फी पोटगीतून वजा करण्यावरच अडून बसला तर वजा व्हायचा कमाल आकडा तरी ठरवून घ्या, म्हणजे घरखर्चाचा भाग शाबूत राहतो. ट्रान्सफर करताना रिमार्कमध्ये "जून पोटगी" असं टाकायचं, रोख अजिबात द्यायचे नाहीत.

ऑर्डर आधीच झालेली असेल आणि खर्च बदलला असेल, मुलगी अकरावीला गेली, क्लास लागला, तर रक्कम बदलायचा अर्ज करा (ऑर्डर कलम १४४ ची असेल तर बीएनएसएसच्याच कलम १४६ खाली) आणि नवीन ऑर्डर हातात येईपर्यंत जुनी रक्कम पूर्ण भरत रहा.