डस्ट कलेक्टरपायी ११,०९,२०० रुपये गेले

मी मूळचा मिरजेचा, बारा वर्षं मोरबीत आहे. वॉल टाइल्सच्या छोट्या युनिटमध्ये चौथा भागीदार. मशिनरीची खरेदी माझ्याकडे. डस्ट कलेक्टर म्हणजे हवेतली धूळ ओढून कापडी पिशव्यांत गाळणारं मशीन; त्याचे हे पैसे माझ्या सहीने गेले. लिहायला लाज वाटते. पण ते मशीन विकून फसवणारा माणूस आणखी दोन कारखान्यांत चकरा मारतोय असं कळलं, म्हणून लिहितोय.

टाइल दाबून बनते त्या प्रेसपाशी धुळीचा त्रास जुनाच. स्प्रे ड्रायरमधून येणाऱ्या मातीच्या पावडरीत पाच-सहा टक्के ओल असते, तरी प्रेसच्या हॉपरमध्ये पडताना ती उडतेच. सिलिकाची धूळ आहे ती. तिच्यामुळे सिलिकोसिस झालेलं फुप्फुस परत पहिल्यासारखं होत नाही. त्यात धुळीबद्दल नोटीस आलेली, मुदत पंधरा दिवस. डस्ट कलेक्टरसाठी एकाचं कोटेशन १२,१०,००० आणि तीन महिने थांबा. हा माणूस म्हणाला ९,४०,००० अधिक जीएसटी, दहा दिवसांत. कोल्हापूरकडचा. परमुलखात कुणी मराठीतून ‘दादा’ म्हटलं की माणूस सैल पडतो. भाव अगदी अशक्य नव्हता, हे मी आजही म्हणेन. ४,७०,००० आगाऊ दिले.

उरलेले देण्याआधी अहमदाबादजवळच्या त्याच्या शेडमध्ये मी स्वतः गेलो. पंखा बंद, स्टार्टरला कुणाचा हात नाही, आणि दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजचा काटा १०० मिलिमीटरवर! पंखा बंद असताना काटा शून्यावर हवा, हे आमच्या फिटरला मीच शिकवलंय. मी विचारलंसुद्धा. ‘प्रवासात हलला असेल दादा.’ कसला प्रवास? मशीन त्याच्याच शेडमध्ये उभं होतं! मी ते ऐकलं, चहा घेतला आणि गाडीत बसून ६,३९,२०० आरटीजीएस केले. ती दोन मिनिटं रात्री अजून डोळ्यांसमोर येतात.

मशीन आलं, सहाव्या दिवशी चोक. उघडलं तर १२० पिशव्यांऐवजी ८४, बाकीच्या भोकांवर पत्रे मारलेले. लांबी तीन मीटर सांगितलेली, निघाली २.४. म्हणजे १६९ चौरस मीटर कापडाच्या जागी ९५. ताशी १५,००० घनमीटर हवा त्यातून कशी जाणार? रंगाखाली जुना गंज. पिशवीचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा सोनाराच्या काट्यावर ठेवा. ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम) असेल तर पाच ग्रॅम भरतो. आमचा ३.२ भरला. हे पैसे द्यायच्या आधी करायचं असतं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘माल मिळालाय ना? मग ही दिवाणी बाब.’ खराब माल आणि जाणूनबुजून पत्रे मारून दिलेला माल यातला फरक मी फोटो दाखवून सांगितला, तर फोटो प्रिंट काढून आणा म्हणाले. आणले. मग हद्द आमची नाही, शेड आहे तिथे जा. तिथे गेलो तर व्यवहार मोरबीतून झालाय, तिकडे जा. चार हेलपाटे, एक साधा अर्ज, त्यावर शिक्का, गुन्हा नोंद नाहीच. ग्राहक आयोगाचं वकिलांनी पहिल्याच वाक्यात संपवलं: धंद्यासाठीची खरेदी तिथे चालत नाही. त्या विकणाऱ्याने जीएसटी रिटर्न भरलंच नाही, त्यामुळे मी दिलेल्या जीएसटीचं १,६९,२०० चं क्रेडिट, म्हणजे आमच्या करातून मिळणारी वजावटही अडकली. जीएसटी नंबर चालू आहे एवढंच बघू नका, तो रिटर्न भरतो का तेही पोर्टलवर दिसतं. आणि नोटीस पाठवणारे मात्र सोळाव्या दिवशी बरोबर हजर! फसवणुकीचे कागद पुढे ठेवले, त्यांनी बघितलेही नाहीत.

निदान २० टक्के पैसे तरी आपल्या कारखान्यात मशीन महिनाभर चालल्यावरच द्या. ‘माल भरायला गाडी लागलीय, पैसे टाका’ म्हणाला तर लागू दे.

भागीदार काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. प्रेसवर अकरा जण आहेत. सध्या चांगले मास्क आणलेत, झाडू बंद करून व्हॅक्यूम लावलाय. सोमवारी त्या अकरा जणांच्या छातीचे एक्स-रे आहेत. त्याचे ५,५०० माझ्या खिशातून दिलेत.