एमजीबी की ऑक्टाव्हिया आरएस? मुंबईपुरता कौल

आकडे बघितले तर सामना एकतर्फी आहे. साठच्या दशकातल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं 1798 सीसीचं इंजिन दोन एसयू कार्ब्युरेटरवर (एसयू हा पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा एक ब्रँड) 95 हॉर्सपॉवर देतं. 2017 च्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये टर्बोमुळे 230 मिळतात. शून्य ते शंभर आरएस सात सेकंदांच्या आत, एमजीबी साधारण बारात. पण कोस्टल रोडला मर्यादा 80 ची, बोगद्यात 60 ची. तेवढ्यात आरएसचं इंजिन जागंही होत नाही. एमजीबी त्याच वेगात तिसऱ्या गिअरला मनापासून गाते, आणि पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे रस्त्याची प्रत्येक खाच थेट हाताला कळते. रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हला जायचं असेल तर आमचं मत जुनीलाच. रोज ऑफिसला जायला मात्र आरएस, त्यात वादच नाही. तिचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा असल्याने लालबागच्या गर्दीत टिकतो. फक्त दर 60,000 किलोमीटरला त्याचं तेल आणि फिल्टर बदलायला विसरू नका.

जुनी, म्हणजे एमजीबी, घेताना रंग नंतर बघा, आधी दाराखालची सिल (पत्र्याची लांब पोकळ पट्टी) बघा. या गाडीला वेगळी चासी नाही. उघड्या मॉडेलचा सगळा भार त्या पोकळ सिलवर असतो, आणि आपली खारी हवा पत्रा आतून खाते. मागच्या बाजूने जॅक लावा, गाडी उचलली की दार उघडून-लावून बघा. दार अडकलं तर सिल गेली. वरून पॅच मारून भागत नाही.

पुढचं दुखणं पेट्रोलचं. वीस टक्के इथेनॉलने जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात. ते सगळे इथेनॉल चालणारे बसवा. पेट्रोल-हवेचं मिश्रणही पातळ पडतं, म्हणून कार्ब्युरेटर पुन्हा ट्यून करावे लागतात. आधी व्हॉल्व्हचं अंतर 0.015 इंच करा, ते सुद्धा थंड इंजिनवर. हे अंतर पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर शिसंविरहित पेट्रोलने एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) झिजताहेत, हेड उतरवून कडक सीट बसवाव्या लागतील. मग इंजिन गरम करून दोन्ही कार्ब्युरेटरची हवा सारखी करा आणि एकेका कार्ब्युरेटरमधला पिस्टन (इंजिनातला नव्हे) जेमतेम मिलीमीटरभर उचला. रेस क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाली तर ट्यूनिंग बरोबर. वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण दाट. इंजिन पडू लागलं तर पातळ. पातळ असेल तर कार्ब्युरेटरच्या जेटखालचा (पेट्रोल येतं त्या नळीखालचा) षटकोनी नट एकेक बाजू खाली फिरवत जा, दाट असेल तर वर.

उन्हात गाडी बंद करून दहा मिनिटांनी चालू होत नाही, ही तक्रार हमखास. कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्टच्या वर आहेत, त्यामुळे त्यांच्या फ्लोट चेंबरमधलं (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या भांड्यातलं) पेट्रोल उकळतं. मधला उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे ना ते तपासा. अॅक्सिलरेटर पंप करू नका, एसयूला पेडलसरशी पेट्रोल फवारणारा पंपच नसतो. पेडल अर्धं दाबून धरा आणि सेल्फ मारा.