बाणेर की टिळकवाडी?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाला पुण्याहून बोलावणं येतंच. पगार दीडपट, त्यात घरचे म्हणणार, जायचंच तर बाणेर-औंधसारख्या चांगल्या भागात राहा. मी तिथं राहून आलोय आणि आता परत बेळगावात, टिळकवाडीत आहे. तेव्हा पारडं कुठं झुकणार ते तुम्ही ओळखलं असेलच.

नोकरीत पुण्याला तोड नाही, हे मान्य. भोसरी, चाकण, हिंजवडी. एकीकडे बिनसलं तर दुसरीकडे लागतं. बेळगावात फाउंड्री, मशिन शॉप, हायड्रॉलिक्स आणि हत्तरगीचं विमानांच्या सुट्या भागांचं एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र), साधारण एवढ्यातच फिरायचं. त्यात इथं मुलाखत देऊन आलात की संध्याकाळपर्यंत जुन्या मालकाच्या कानावर गेलेलं असतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी माझं ऐकूच नये, सरळ पुणं गाठावं.

भाड्याचं म्हणाल तर बाणेरात दोन बेडरूमला तीस हजारांच्या आत कोणी बोलेना. टिळकवाडीत त्याच्या निम्म्याहून कमीत, पुढं अंगण असलेलं घर मिळालं. म्हणजे वाढलेला पगार बराचसा घरमालकाकडेच जायचा, निदान माझा तरी. तेही सोसलं असतं. जीव नकोसा केला तो अकरा महिन्यांच्या कराराने. नववा महिना लागला की एजंटचे गोड गोड फोन सुरू. राहायचं तर भाडं वाढवा, नवा करार, नवी नोंदणी. सोडायचं तर दुसऱ्या घरासाठी पुन्हा महिन्याचं भाडं दलाली. मग सोसायटीचं पत्र, पोलिसांकडं भाडेकरूची माहिती, गॅसचा पत्ता. आमचं प्लायवुडचं कपाट खोलून-जोडून इतकं ढिलं झालं की दार मिटेना. बायकोनं सुतळीनं बांधून ठेवलं. पाहुण्यांची नजर पहिली त्या सुतळीवर! केए २२ ची, म्हणजे बेळगावात नोंदलेली गाडी नेली तर तिचं आणखी वेगळं. वर्षावर राहायचं तर नोंदणी बदला, तिथला कर भरा आणि इथल्या कराचा परतावा मागत बसा.

इथंही कागद अकरा महिन्यांचाच असतो म्हणा. पण मालक बहुधा खालच्या मजल्यावर असतो; भाडं वेळेवर दिलंत, जिना स्वच्छ ठेवलात, तर त्या कागदाची आठवण कुणाला होत नाही.

टिळकवाडीत सगळं गोड आहे असं नाही. तिसऱ्या रेल्वे गेटवर पूल झाला, पण दुसऱ्या गेटला अडकलात की शिफ्टची वेळ गेलीच समजा. पाण्याचं तर नीट विचारून घ्या. शहरातल्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, बाकीच्यांत नळाची पाळी, आणि ही गोष्ट एजंट आपणहून सांगत नाही. कारखान्यात, बाजारात मराठीवर भागतं. सरकारी कागद मात्र कन्नडात, मुलांनाही शाळेत कन्नड शिकावं लागतं. आमच्या पोरांना त्याचं काही वाटत नाही, अर्ज भरताना मीच त्यांच्या तोंडाकडं बघतो.

पगार थेट दुप्पट मिळत असेल, किंवा एकटे असाल, तर पुण्याला जरूर जा. संसार घेऊन हलणार असाल तर मी आधी टिळकवाडी-हिंदवाडीत लीजचं घर बघेन. एकरकमी पैसे द्यायचे, महिन्याचं भाडं नाही, सोडताना रक्कम परत. फक्त ती किती दिवसांत परत मिळणार हे करारात लिहून घ्या. नाहीतर “नवा भाडेकरू येऊ दे की, मग देतो” असं म्हणून मालक झुलवत ठेवतो.