ऑट्युनाइट घ्यावं की मेटाटॉर्बर्नाइट?

भारतात राहणाऱ्यांनी हा प्रश्न मनातच ठेवावा. ही दोन्ही युरेनियमची खनिजं, आणि अणुऊर्जेच्या कायद्यामुळे अशी खनिजं हौसेखातर कपाटात मांडायची सोय तिथे नाही. मी अमेरिकेत असतो आणि दोन्ही बाळगून झालीत. परदेशातल्या ज्या मंडळींचं वाघोलीचं कॅव्हन्साइट, जळगावचं अपोफिलाइट असे खनिजांचे स्फटिक जमवून झालंय आणि आता हात शिवशिवतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दिसायला ऑट्युनाइट जिंकतं, वादच नाही. माझा पीस वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट स्पोकेनच्या डेब्रेक खाणीतला. दिवे मालवून यूव्ही (अतिनील) टॉर्च मारला की असा पोपटी पेटतो, की बडबडे पाहुणेसुद्धा गप्प होतात. मेटाटॉर्बर्नाइट मात्र ढिम्म. त्यातलं तांबं ती चमक गिळून टाकतं.

पण ऑट्युनाइट सांडतं.

स्फटिकातलं पाणी हळूहळू उडतं आणि अभ्रकासारखे थर सुटायला लागतात. पहिल्याच हिवाळ्यात घरात हीटर सुरू झाला आणि डबीच्या तळाशी कणीसारखा चुरा दिसला. सहज टॉर्च मारला. झाकणाच्या कडेला पोपटी ठिपके, टेबलावर दोन आणि एक माझ्या स्वेटरच्या बाहीवर! त्या रात्री ओल्या टिशूने टेबल किती वेळा पुसलं, विचारू नका. चुरा सुटू नये म्हणून विकणाऱ्याने वर लॅकरचा, म्हणजे व्हार्निशसारख्या लेपाचा, हात दिला होता. त्याने पीस प्लास्टिकसारखा चकचकीत दिसायचा, एवढंच. आपल्याकडचं लॉमोंटाइट हे खनिज ज्यांनी ठेवलंय त्यांना हा प्रकार ठाऊक असेल, तेही पाणी सोडून पीठ होतं. पण ते पीठ झटकून मोकळं होता येतं. ऑट्युनाइटचा हा किरणोत्सर्गी चुरा नाकातोंडात जाता कामा नये.

मेटाटॉर्बर्नाइट म्हणजे पाणी आधीच कमी झालेलं टॉर्बर्नाइट. व्हायचं ते बरंचसं होऊन गेलेलं. माझं काँगोतल्या कोल्वेझीजवळच्या मुसोनोई खाणीतलं आहे, गर्द हिरव्या चौकोनी पापुद्र्यांचं. नाजूक तेही आहे, धसमुसळेपणा चालायचा नाही. पण तीन हिवाळे काढले, डबीचा तळ अजून तरी स्वच्छ आहे. एकाच पीसचा अनुभव, तेव्हा फार छातीठोकपणे सांगत नाही. नितळ टॉर्बर्नाइट मिळालं तर मात्र दोनदा विचार करा. तेही पाणी सोडतं आणि कालांतराने धुरकट होतं.

किरणोत्सर्गाच्या बाबतीत निवडण्यासारखं फारसं काही नाही. दोन्हींत वजनाच्या साधारण निम्मं युरेनियम असतं, किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर दोघांपुढे सारखाच तडतडतो. रेडॉन हा किरणोत्सर्गी वायूही दोघांतून येतो, त्यामुळे बेडरूममध्ये नको आणि डबी उघडायची ती खिडकीशी.

चमकेतच जीव अडकला असेल तर ऑट्युनाइट घ्या, मी अडवणार नाही. माझं आता दोन डब्यांत बंद होऊन गॅरेजमध्ये असतं. पाहुण्यांनी फारच आग्रह केला तर झाकण न काढता बाहेरूनच टॉर्च मारतो.