घरचे व्हिडिओ डीव्हीडीवर: आठ महिन्यांनंतर माझ्या सेटिंग कुठे येऊन थांबल्या

जुन्या व्हीएचएस कॅसेट, थोड्या मिनीडीव्ही टेप आणि मोबाईलमधले व्हिडिओ असं सगळं डीव्हीडीवर उतरवायचं काम आठ महिने चालू आहे, आत्तापर्यंत ३१ डिस्क झाल्या. एनकोडिंगला, म्हणजे व्हिडिओ डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये दाबून बसवायला, एफएफएमपेग वापरते आणि मेन्यू करायला डीव्हीडीस्टायलर, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींवर मी खूश आहे. डीव्हीडीच का, तर घरातल्या मोठ्या माणसांना फोल्डर-बिल्डर उघडत बसायचं नसतं, डिस्क घातली, रिमोटचं बटण दाबलं की चित्र दिसायला हवं, बस.

सगळ्यात आधी सांगायचं ते हे की एका डिस्कवर किती मिनिटं घालायची हे आधी ठरवा, बाकीच्या निम्म्या सेटिंग त्यावरूनच ठरतात. मी सुरुवातीला उलटं केलं. व्हीएचएस कॅसेट तीन तासांची, म्हणजे डिस्कपण एकच करू, असा सरळ विचार, आणि प्रोग्रामला सांगितलं बसव. त्याने बसवलं पण. लावून बघितलं तर आजी अंगणात बसून बोलतेय, तिचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत, आणि मागे झाडाची पानं हलायला लागली की तिथे नुसते चौकोन चौकोन. वारा थांबला की दोन सेकंदात चित्र परत नीट. तेव्हा लक्षात आलं की पानं, पाऊस, वाहतं पाणी, हातात हलणारा कॅमेरा, ह्या गोष्टी बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट) अक्षरशः खातात, कारण एमपेग-२ हा डीव्हीडीचा व्हिडिओ फॉरमॅट मागच्या फ्रेमवरून पुढची फ्रेम बांधतो आणि सगळंच हलत असेल तर त्याला मागचं काही कामाला येत नाही.

हिशोब अगदी सोपा आहे, मी एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय. साध्या सिंगल लेयर डिस्कवर ४.७ जीबी असतात, म्हणजे ४७० कोटी बाइट (कॉम्प्युटर तेच ४.३७ दाखवतो, डिस्क खोटी नसते, मोजायची पद्धत वेगळी). त्याचे झाले ३ कोटी ७६ लाख किलोबिट. त्याला एकूण सेकंदांनी भागायचं, मेन्यू आणि पॅकिंगसाठी चारेक टक्के सोडायचे, ऑडिओ वजा करायचा, उरला तो व्हिडिओचा सरासरी बिटरेट. ९० मिनिटांना सेकंदाला साधारण ६४०० किलोबिट येतो, दोन तासांना ४८००, आणि माझ्या त्या तीन तासांना जेमतेम ३१००. आता फुल साइझमध्ये ९० मिनिटांच्या वर मी जातच नाही, तीन तासांची कॅसेट असली की सरळ दोन डिस्क.

वरची मर्यादापण आहे. डीव्हीडीच्या नियमात व्हिडिओला जास्तीत जास्त ९८०० चालतो, पण घरी बर्न केलेली डिस्क जुन्या प्लेयरमध्ये त्या टोकाला अडखळते असा माझा अनुभव, त्यामुळे मॅक्सिमम ८५०० आणि सरासरी ८००० च्या वर नाही. म्हणूनच ७० मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ असेल तर टू-पास (दोन फेऱ्यांत एनकोडिंग) वगैरे करत बसू नका, सरळ ८००० लावा आणि मोकळे व्हा, वाचवायला काही उरलेलंच नसतं. त्याच्या वर गेलात की मात्र टू-पास घ्याच, वेळ जवळपास दुप्पट लागतो पण पहिल्या फेरीत एनकोडर कुठे अवघड आहे ते बघून ठेवतो आणि शांत सीनमधले बिट पावसाच्या सीनला देतो, फरक डोळ्याला दिसतो.

एफएफएमपेगमध्ये पॅल-डीव्हीडी (पॅल म्हणजे आपल्याकडची टीव्ही पद्धत) असं तयार टार्गेट आहे, ते दिलं की ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, १५ फ्रेमचा जीओपी (एकत्र एनकोड होणारा फ्रेमचा गट), सगळं आपोआप बसतं. त्यात सरासरी ६००० आणि कमाल ९००० धरलेलं असतं, ते दोन आकडे फक्त मी बदलते. पण इंटरलेसचं त्याला वेगळं सांगावं लागतं, आणि इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

कॅसेटचं चित्र इंटरलेस असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं (त्यांना फील्ड म्हणतात), सेकंदाला अशी ५०. बऱ्याच जणांचा सल्ला असतो की आधी डीइंटरलेस करा, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण फ्रेम करा. टीव्हीवर बघायची डीव्हीडी असेल तर कृपया करू नका. २५ फ्रेमवर आणलं की निम्मी हालचाल कायमची गेली, ती परत येत नाही. डीव्हीडीला इंटरलेस चालतं, जसं आहे तसं ठेवा. फक्त फील्डचा क्रम बरोबर हवा. माझ्या कॅप्चर कार्डातून (टेपचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड) व्हीएचएस येते तिची वरची फील्ड आधी असते, आणि मिनीडीव्हीची खालची आधी. मला हे माहीतच नव्हतं, व्हीएचएसची कमांड तशीच मिनीडीव्हीला लावली. कॉम्प्युटरवर बघितलं तर सगळं व्यवस्थित. टीव्हीवर लावलं तर बहीण झोपाळ्यावर बसलीय आणि झोपाळा पुढे जाताना जरा मागे, परत पुढे, परत जरा मागे असा थरथरत जातोय, दोन मिनिटांत डोळे दुखायला लागले. चार डिस्क परत कराव्या लागल्या. तेव्हापासून कुठल्याही नव्या टेपचं आधी एक मिनिट, त्यातही आडवी हालचाल असलेलं, रीरायटेबल डिस्कवर टाकून टीव्हीवरच बघते आणि मगच पुढे.

व्हीएचएसबद्दल अजून एक. त्या टेपवर आडवा तपशील २४० रेषांच्या आसपासच असतो, त्यामुळे ७२० रुंदीत भरून आपण काही नवीन मिळवत नाही. टेप फारच दाणेदार असली किंवा दोन तास एकत्रच हवे असले तर ३५२ बाय ५७६ वापरा, हेपण डीव्हीडीच्या नियमात बसतं, पिक्सेल निम्मे झाल्यामुळे ४००० मध्येसुद्धा चौकोन दिसत नाहीत. मात्र उंची ५७६ च ठेवा, २८८ केलीत की एक फील्ड गेलीच आणि परत तीच निम्म्या हालचालीची गोष्ट.

दाण्यांसाठी एफएफएमपेगमधला एचक्यूडीएन३डी हा दाणे कमी करणारा फिल्टर हलका लावते. डिफॉल्ट जोर मला जास्त वाटला, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या जातात आणि मला त्या हव्यात, म्हणून निम्म्यावर आणला. तळाला जी फाटल्यासारखी पट्टी येते ती क्रॉप करून चित्र ताणू नका, फील्डची सरमिसळ होते, तळाच्या १६ ओळी सरळ काळ्या करा. एनकोडर १६-१६ च्या चौकटीत काम करतो त्यामुळे ती पट्टी त्याला जवळजवळ फुकट पडते.

ऑडिओला पीसीएम (न दाबलेला आवाज) नको, सेकंदाला १५३६ किलोबिट खातो. एसी-३ ह्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये २२४ ठेवते, जुन्या टेपच्या आवाजाला ते भरपूर आहे.

मोबाईलचे व्हिडिओ म्हणजे वेगळंच दुखणं. फ्रेम रेट कमीजास्त होत असतो, त्यामुळे अर्ध्या तासाने ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आधी फ्रेम रेट कायम करून घ्या मग डीव्हीडीचं एनकोडिंग. आणि ३० फ्रेमचा व्हिडिओ २५ वर आणलात तर कॅमेरा फिरवताना दर सेकंदाला गचके बसतात, त्यापेक्षा एनटीएससी (३० फ्रेमवाली अमेरिकन टीव्ही पद्धत) डिस्क करा, ७२० बाय ४८०, पॅलवाले बहुतेक प्लेयर ती चालवतात, आमच्या घरातल्या दोन्हींनी चालवली. १६:९ चा फ्लॅग (चित्र रुंद आहे हे प्लेयरला सांगणारी खूण) विसरू नका नाहीतर सगळी माणसं उंच आणि बारीक दिसतात.

बर्निंगचं फार काही नाही. १६एक्स वेगाची डिस्क ८एक्सवर लिहायची, शेवटी व्हेरिफाय. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि माझ्याकडे जेवढ्या अडकल्या तेवढ्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांतच अडकल्या, म्हणून मिनिटांचा हिशोब करताना बाहेरची कडा थोडी मोकळी राहील एवढंच भरते. वर कागदी स्टिकर लावू नका, सीडी मार्करने लिहा. आणि कॅप्चर केलेली मूळ फाइल हार्डडिस्कवर ठेवतेच, मिनीडीव्हीची तासाला १३ जीबी होते तरी ठेवते, कारण त्या चार डिस्क परत करता आल्या त्या केवळ मूळ फाइल होत्या म्हणून.

आजीची ती कॅसेट परत केली, ९० मिनिटांच्या दोन डिस्कवर, ६४०० ला, टू-पास. पानं हलतायत आणि मधूनच ती पदर सावरते, तर पदराचा काठसुद्धा दिसतो. अजून सात कॅसेट बाकी आहेत, त्यातल्या दोनांचं ट्रॅकिंग खराब आहे, त्या ३५२ वरच करणार आहे.